रपेटीनंतर घोड्याची निगा

ह्या सदरांत आजवर गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, इतकेंच काय पण पोपटाचा पिंजराहि येऊन गेला. घोड्याची पाळी मात्र आली नव्हती. कारण उघड आहे. ज्यांच्या दारीं घोडा बांधलेला आहे अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत बोटांवर मोजण्याइतकींच असणार. तथापि घोडा पदरीं नसला म्हणजे घोड्याशीं आपला संबंधच येत नाहीं असें थोडेंच आहे! मुलाबाळांसह माथेरानास जाऊन घोड्यावर न बसलेलें कुटुंब विरळा. आणि नवरदेवाची वरात घोड्यावरून निघते तेव्हां दोन-तीन तासांपुरते त्या घोड्याचे धनी आपणच असतों. भाड्याचा घोडा भाड्यापुरता आपला, तर त्याचा घामहि तेवढ्यापुरता आपल्याच खातीं मांडावा लागेल. उन्हाळ्याची सुटी व लग्नसराई ह्या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूंत येतात, आणि तोच ऋतु घोड्यास सर्वांत जड जातो. म्हणून रपेट आटोपल्यावर घामाघूम झालेल्या घोड्याचें काय करावें, व काय करूं नये, ह्याचा विचार ह्या अंकीं करूं.

विषयाची सुरुवात बदलापुरापासून करणें योग्य होईल. घोडे बदलण्याचें ठिकाण तें बदलापूर, अशी ह्या गांवाच्या नांवाची उपपत्ति तिकडील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. येणारे-जाणारे स्वार येथें थकलेला घोडा सोडीत व ताजा घोडा घेऊन पुढें निघत. शिवाजी महाराजांच्या स्वारांचे घोडेहि येथेंच बदलले जात, असें ते सांगतात. उपपत्ति लोककथेच्या कोटींतील असली तरी अशक्य कोटींतील नाहीं. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यांत आली, आणि कल्याणाहून बोरघाटाकडे जाणारी वाट उल्हास नदीच्या ह्याच खोऱ्यांतून जाते. पुढें १८५६ मध्यें त्याच खोऱ्यांतून आगगाडी धावूं लागली आणि घोड्यांचे टप्पे मागें पडले.

टप्प्याची ही गोष्ट ऐकतांना आपलें लक्ष नेहमीं ताज्या घोड्यावर बसून पुढें गेलेल्या स्वाराच्या मागें जातें. नाकपुड्या फुगलेला, बरगड्यांचा भाता चाललेला, मांड्यांच्या आंतल्या अंगास फेस दाटलेला जो घोडा मागें राहिला, त्याचें पुढें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. तो दोन दिवसांनीं पुन्हां खोगीर चढवून उभा राहिला तरच टप्पा टिके. म्हणजे टप्प्याची सारी मदार स्वारावर नसून, लगाम हातीं धरून त्या घोड्यास सावकाश फिरवीत राहणाऱ्या मोतद्दारावर होती. आजच्या लेखाचा विषय तो मागें राहिलेला घोडा होय.

भाकरी करपते, विड्याचें पान सडतें आणि घोडा अडतो. तिहींचें कारण एकच, न फिरविणें. आजीच्या तोंडून सर्वांनीं ऐकलेल्या ह्या कोड्यांत अश्ववैद्यकाचें निम्में शास्त्र सामावलेलें आहे. दौडत आलेल्या घोड्याच्या स्नायूंत रक्ताचा पूर आलेला असतो. पायांची हालचाल चालू असेपर्यंत स्नायूंच्या आकुंचनप्रसरणानें तें रक्त हृदयाकडे परत ढकललें जातें. घोडा एकाएकीं उभा केला म्हणजे हें साहाय्य बंद पडतें, आणि स्नायूंतील उष्णता व श्रमानें उत्पन्न झालेलीं द्रव्यें तेथेंच रेंगाळतात. सबब शेवटचा अर्धा मैल घोडा चालवीतच आणावा. मुक्काम दृष्टीस पडतांच टांच मारून ऐटींत दौडत येण्याची हौस पुष्कळांस असते. ती दुसऱ्याच्या जिवावरची हौस आहे. उतरल्याबरोबर तंग एक-दोन घरें सैल करावा, रिकिबी वर अडकवाव्या, घोडा सावलींत न्यावा व दहा-पंधरा मिनिटें हातीं धरून सावकाश फिरवावा.

फिरवितांना त्याच्या श्वासाकडे लक्ष असावें. विसाव्यास असलेला घोडा मिनिटास ८ ते १६ वेळां श्वास घेतो, व त्याची नाडी ३० ते ४० च्या दरम्यान चालते. खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेशीं आंतल्या बाजूनें बोटें टेकलीं असतां ही नाडी हातास लागते. पंधरा सेकंद ठोके मोजून चारानें गुणावें. काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती ६० च्या आसपास उतरली तर काळजीचें कारण नाहीं. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत घोड्याची नाडी ठराविक वेळांत ६४ पर्यंत उतरली नाहीं तर त्यास पुढें जाऊं देत नाहींत, मग स्वार कितीहि मोठा असो. हा नियम आम्हांस फार आवडतो. माणसाच्या सांगण्यावर न विसंबतां तो घोड्याच्या हृदयाची साक्ष काढतो.

आतां घामाकडे वळूं. घोडा धांवतांना जी शक्ति खर्च करतो तिचा सुमारें चौथा ते पांचवा हिस्साच प्रत्यक्ष धांवण्याच्या कामीं येतो. बाकी सर्व शक्तीची उष्णता होते. देह अवाढव्य, आणि त्या मानानें कातडीचें क्षेत्र थोडें, त्यामुळें ही उष्णता बाहेर टाकणें घोड्यास माणसापेक्षां अवघड जातें. उन्हांत कसून काम करणारा मोठा घोडा तासाभरांत दहा लिटरांहून अधिक घाम गाळूं शकतो. ह्या घामांत लॅथरीन नांवाचें एक प्रथिन असतें. तें साबणाप्रमाणें काम करून तेलकट केंसांवर घाम पसरवितें, आणि लगाम घांसतो तेथें किंवा दोन मांड्यांच्या मध्यें त्याचाच पांढरा फेस होतो. फेस पाहून घाबरण्याचें कारण नाहीं.

घाबरावें असें दुसरेंच कांहीं आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षां कमी खारट असतो. घोड्याचा अधिक खारट असतो. माणसाच्या अंगांतून पाणी गेलें म्हणजे मागें राहिलेलें रक्त अधिक खारट होतें व त्यामुळें तहान लागते. घोड्याच्या अंगांतून पाण्याबरोबर मीठहि निघून जात असल्यामुळें रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाहीं, आणि अंगांतील कित्येक लिटर पाणी आटलें असतांहि त्या मुक्या प्राण्यास तहान म्हणून लागत नाहीं. ‘पाणी दाखविलें, पण प्यालाच नाहीं, म्हणजे त्यास नको असेल’ असें जें सर्रास म्हटलें जातें, त्यांतील चूक ह्यावरून ध्यानांत येईल.

दुसरी गोष्ट अशी कीं, घाम निघाल्यानें घोडा थंड होत नसतो. घाम वाळल्यानें होतो. एक लिटर घाम वाळतांना अंगांतून सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप जमिनीवर गळला तर जवळजवळ कांहींच नेत नाहीं. पुण्यासाताऱ्याकडील कोरड्या हवेंत घाम वाळावयास वेळ लागत नाहीं. उल्हास खोऱ्याची गोष्ट निराळी. दोरीवर घातलेलीं धोतरें-लुगडीं संध्याकाळपर्यंत दमट राहतात त्या दिवशीं घोड्याचा घामहि अंगावर तसाच राहणार, हें गृहिणींस सांगावयास नको. पाश्चात्य घोडेस्वारांत ह्याचा एक ढोबळ आडाखा आहे. हवेचें तपमान फॅरनहाइट अंशांत घ्यावें व त्यांत हवेतील आर्द्रतेचें शेंकडा प्रमाण मिळवावें. बेरीज १३० च्या आंत असेल तर घोडा आपला आपण थंड होईल. १५० च्या पुढें गेली तर त्यास मदत लागेल. १८० च्या पुढें गेली तर त्या दिवशीं खोगीर चढवूंच नये. समजा, मे महिन्यांतील एका दुपारीं बदलापुरास तपमान ९७ अंश व आर्द्रता शेंकडा ६० आहे. बेरीज १५७ भरते. अंबरनाथच्या पुरातन शिवालयाच्या दगडी गाभाऱ्यांत ज्या दिवशीं गारवा वाटतो व बाहेर पाऊल टाकतांच जीव घाबरा होतो, त्या दिवशींचा हा हिशेब समजावा.

येथवर जुन्या लोकांचें ज्ञान व नवें शास्त्र हातांत हात घालून चालतात. पुढें मात्र त्यांची फारकत होते. ‘तापलेल्या घोड्यास पाणी दाखवूं नये, ना पोटांत, ना अंगावर’ हा जो जुना नियम आहे, तो आपल्या हवेपुरता तरी आतां सोडून दिला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाविरुद्ध असें विधान करतांना कारणें देणें आमचें कर्तव्य आहे.

हा नियम एकट्या आपल्याकडचा नव्हे. ॲना स्यूएल ह्या बाईंची १८७७ मधील ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी आपल्यांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत वाचली असेल. रात्रीं वैद्याला आणण्यासाठीं दौडत जाऊन तापून आलेल्या घोड्यास एक अननुभवी पोऱ्या थंडगार पाणी पाजतो, अंगावर कांबळें घालीत नाहीं, आणि घोडा मरणाच्या दारीं जातो, असा तींत प्रसंग आहे. ह्या एका प्रसंगानें वाचकांच्या तीन-चार पिढ्यांच्या मनांत पाण्याची भीति घातली असेल. पण ती इंग्लंडमधील रात्र होती. ओल्या अंगानें गारठ्यांत उभ्या राहिलेल्या घोड्यास बाधणारा तो गारठा. आपल्याकडे दोष मात्र पाण्याच्या माथीं बसला. शिवाय अति श्रमानें व अंगांतील पाणी आटल्यानें घोड्यास मुळांतच पोटशूळ उठण्याचा संभव असतो. तो उठण्यापूर्वीं त्यानें दोन घोट पाणी प्यालेलें असलें कीं शूळ पाण्यानें उठला असें ठरतें. घोड्यास वांति होत नाहीं, म्हणून त्याचा पोटशूळ फार भयंकर; तेव्हां जुन्या लोकांनीं अति सावध राहावें हें साहजिकच होतें. बर्फासारख्या पाण्यानें तापलेले मोठे स्नायु आंखडून घोडा लुळा पडतो, अशीहि समजूत होती.

ह्या समजुतीची कसोटी पुढें लागली. १९९२ च्या बार्सिलोना येथील ऑलिंपिक सामन्यांत उन्हानें घोड्यांचे हाल झाले, आणि पुढील सामने तर अमेरिकेंतील अटलांटा येथें, ऐन उन्हाळ्यांतील दमट हवेंत व्हावयाचे होते. तेव्हां १९९६ पूर्वीं इंग्लंड, अमेरिका वगैरे देशांतील संशोधकांनीं घोड्यांस मुद्दाम उष्ण व दमट हवेंत पळवून, मग त्यांच्या सर्वांगावर, अगदीं पुठ्ठ्यांच्या मोठ्या स्नायूंवरहि, बर्फाचें पाणी ओतून पाहिलें. स्नायु आंखडले नाहींत. घोडे लुळे पडले नाहींत. उलट अंगांतील उष्णता झपाट्यानें उतरली. अटलांटा येथें हीच रीत वापरली गेली, आणि टोकियो येथील सामने २०२१ मध्यें भर उन्हाळ्यांत झाले तेव्हांहि घोड्यांचे प्राण पाण्यावर व बर्फावरच राखले गेले. आपल्याकडे बर्फाची गरजहि नाहीं. तापलेल्या घोड्याच्या अंगाची उष्णता ३९-४० अंश सेल्सियस, आणि आडाचें पाणी त्याहून पुष्कळ गार. एवढें अंतर पुरेसें आहे.

पाणी कसें घालावें हेंहि सांगितलें पाहिजे, कारण चार ओंजळी शिंपडून समाधान मानण्याची संवय आपल्याकडे आहे. खोगीर काढून घोडा सावलींत, शक्य तर वाऱ्याच्या तोंडीं, उभा करावा. मान, छाती, खांदे, पाठ, पुठ्ठे, पोट व मांड्यांचा आंतला भाग ह्यांवर बादलीमागून बादली ओतावी. कान व नाकपुड्या तेवढ्या संभाळाव्या. अंगावर पडलेलें पाणी क्षणांत कोंबट होतें, म्हणून ओतणें थांबूं देऊं नये. ओतणें थांबवितांना मात्र तळहातानें किंवा लांकडी पट्टीनें केंसांतील कोंबट पाणी निथळून काढावें. नाहींतर तेंच दमट हवेंत ओल्या पासोडीसारखें अंगाला चिकटून राहतें. मग पांच मिनिटें फिरवावा, छातीला हात लावून पाहावें, आणि अजून कढत लागली तर पुन्हां ओतावें. पाव तास पाणी ओतूनहि श्वास उतरत नसेल, घोडा झोकांड्या खात असेल किंवा खाण्याकडे ढुंकूनहि पाहत नसेल, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यास बोलवावें. घोड्याच्या वैद्यास आपल्याकडे साळोत्री म्हणत, तें शालिहोत्र ह्या प्राचीन अश्ववैद्याच्या नांवावरून. आतां तो शब्द राहिला नसला तरी मुंबईस परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नांवाचें पशुरुग्णालय १८८३ पासून उभें आहे.

पिण्याच्या पाण्याविषयींहि हेंच. धाप थोडी उतरतांच पाणी पुढें ठेवावें, व पिईल तितकें पिऊं द्यावें. तास-दोन तास तहानेला ठेवून मग पाजण्यांत लाभ कांहींच नाहीं, कारण थोडीफार लागलेली तहान तोंवर मरून जाते. वर सांगितलेली मिठाची गोष्ट लक्षांत घेऊन पाश्चात्य संशोधकांनीं एक युक्ति काढली आहे. पहिली बादली मिठाच्या पाण्याची ठेवावी, दहा लिटरांस सुमारें ९० ग्रॅम मीठ, आणि तिच्या शेजारीं साध्या पाण्याची. मिठाचें पाणी प्रथम प्यालेला घोडा पुढील तासाभरांत एकंदर पाणी अधिक पितो, असें प्रयोगांत आढळलें आहे. संवय नसलेला घोडा प्रथम तोंड फिरवील. त्याच्यावर सक्ति करूं नये. चंदीची मात्र घाई नको. श्रमानंतर रक्त कातडीकडे व स्नायूंकडे गेलेलें असतें, पोटाकडे थोडें. अशा वेळीं तोबरा भरून हरभरे दिले तर तेच शूळास कारण होतात. अंग निवेपर्यंत नुसतें गवत द्यावें, दाणा त्यानंतर तासाभरानें.

ह्या सर्वांस अपवाद आहेत, व ते विसरून चालावयाचें नाहीं. पौषांतील पहांटे माथेरानच्या माथ्यावर किंवा श्रावणांतील झोंबऱ्या वाऱ्यांत घोडा भिजवून उभा करणें म्हणजे ‘ब्लॅक ब्यूटी’तील पोऱ्याचीच चूक पुन्हां करणें होय. तेथें गवताच्या बोळ्यानें अंग खसखसून चोळावें, पाठीवर कांबळें टाकून फिरवावें आणि खालील केंस सुकल्यावर तें काढावें. दुसरा अपवाद आजीच्या कोड्यालाच आहे. कधीं कधीं श्रमानें घोड्याच्या पुठ्ठ्यांचे स्नायु दगडासारखे आंखडतात. तो पाऊल उचलीत नाहीं, घाम थांबत नाहीं, लघवी तांबूसकाळी होते. हा घोडा खरोखर अडलेला असतो, आणि नेमक्या त्यालाच फिरवावयाचें नसतें. प्रत्येक पावलागणिक त्याचे स्नायु अधिक तुटतात. जागेवर उभा ठेवून वैद्याची वाट पाहावी. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. उष्ण व दमट प्रदेशांत कांहीं घोड्यांस घाम येण्याचेंच बंद होतें. इंग्रजी अमदानींत थंड मुलखांतून हिंदुस्थानांत आणलेल्या घोड्यांमध्यें हा विकार पुष्कळ दिसे. चार घोडे घामानें निथळत असतां पांचवा कोरडा ठणठणीत पाहून अनभिज्ञ मनुष्य त्याची तारीफ करतो. वस्तुतः धोका त्यालाच असतो, आणि पाण्याची पहिली बादली त्याच्याच अंगावर गेली पाहिजे.

खोगिराखालच्या जागेकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. घाम वाळून मागें मीठ राहतें, त्यांत धूळ मिसळते, आणि दुसऱ्या दिवशीं त्यावरच खोगीर कसलें कीं कातडी सोलवटून घोड्याची पाठ लागते. म्हणून पाठ व तंगाची जागा धुवावी, सुकल्यावर खरारा करावा, आणि उलट्या हातानें चांचपून कोठें सूज किंवा ऊन लागतें काय पाहावें. खोगिराखालील घडी उन्हांत वाळवावी. हें सर्व झाल्यावर घोड्यास मातींत लोळूं द्यावें. धुतलेला घोडा पुन्हां मळला म्हणून चरफडणाऱ्यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, धुतलेलें मूल अंगणांत खेळावयास जात नाहीं काय?

आतां वरातीविषयीं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या व १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालेल्या शहरांत, तसेंच अंबरनाथ-बदलापुरांत, लग्नसराईच्या संध्याकाळीं घोडा दिसतो तो बहुधा वरातीचा. तो धांवत नाहीं, मग त्याला घाम कसला, असें वाटेल. परंतु जरीच्या मखमली झुलीखालीं वारा शिरत नाहीं. रस्त्याचें डांबर दिवसभराचें ऊन परत ओकीत असतें. दोहों बाजूंस दिव्यांच्या माळा, पुढें वाजंत्री, पायांशीं फटाके. भीतीनेंहि घोड्यास घाम फुटतो, आणि त्या स्थितींत तो तास-दोन तास तसूतसूनें पुढें सरकत असतो. तोंडांत लगाम असल्यामुळें कोणी पाणी दाखवीत नाहीं. वऱ्हाडास सरबताची व्यवस्था करणाऱ्या यजमानानें यादींत दोन बादल्या पाण्याच्या लिहिल्या तर यादी कांहीं फार लांबत नाहीं. सूर्य मावळल्यावर वरात काढावी. फटाके घोड्यापासून दूर ठेवावे. नवरदेव उतरतांच झूल उतरवावी, तंग सैल करावा.

घोडेवाला ह्या गोष्टी कां करीत नाहीं, असें विचारून दोष त्याच्यावर ढकलणें सोपें आहे. लग्नसराईचे दिवस थोडे. एक वरात पोंचवून त्यास दुसरीकडे धांवावयाचें असतें, व त्या दोन वरातींवर त्याचें पावसाळ्यांतील पोट अवलंबून असतें. घोडा निवविण्यास लागणारा अर्धा तास कोणाच्या तरी पैशानें विकत घ्यावयाचा आहे. तो आपण घ्यावा, असें आमचें म्हणणें. घोडा ठरवितांनाच ‘वरातीनंतरचा अर्धा तास आमचा’ असें सांगून त्याचे पैसे भाड्यांत धरावे. आहेराच्या पाकिटांपुढें ती रक्कम कांहींच नव्हे.

बदलापुराहून वांगणी, शेलू ओलांडून नेरळास उतरलें कीं माथेरानची वाट. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं त्या डोंगराकडे युरोपियनांचें लक्ष वेधलें, आणि १९०७ मध्यें तेथें छोटी आगगाडी गेली. दस्तुरी नाक्यापुढें मोटारीस मज्जाव असल्यानें तेथें माणसें व सामान वाहण्याचें काम घोड्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें आहे. विजेच्या रिक्षा अलीकडच्या. तेथें जाणाऱ्या कुटुंबानें घोडा निवडतांना रंग न पाहतां आधीं छाती पाहावी. मागील खेपेचा घाम अजून ओला असेल व नाकपुड्या उडत असतील, तर ‘ह्याला दम घेऊं द्या, आम्ही थांबतों’ असें म्हणावें. दादा, मुलें घाई करतात खरीं. पण ह्या घोड्याची नाडी मोजण्याचें काम त्यांच्याकडे सोंपवून पाहा, वेळ कसा गेला तें त्यांना कळणार नाहीं.

कायदाहि येथें घोड्याच्या बाजूस आहे. प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालीं १९६५ मध्यें ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीं नियम झाले. त्यांप्रमाणें तट्टावर ७० किलोंहून अधिक ओझें लादतां येत नाहीं. दिवसांत नऊ तासांहून अधिक, व विश्रांतीवांचून सलग पांच तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं. आणि जेथें तपमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तेथें दुपारीं बारा ते तीन त्यांस कामास जुंपतां येत नाहीं. नियमांत ओझें म्हटलें आहे, स्वार म्हटलेलें नाहीं, असा युक्तिवाद कोणी करील. घोड्याच्या पाठीला हा भेद कळत नाहीं, आणि सत्तर किलोंचा आंकडा ऐकून आमच्यांतील कांहीं सुखवस्तु वाचकांनीं वजनकांट्याकडे एकवार जाऊन यावें.

ज्यांच्या घरीं स्वतःचा घोडा आहे त्यांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं आणखी एकदां पाहणी करावी. रात्रींची लीद नेहमींइतकी पडली आहे काय, बादलीतील पाणी किती उतरलें, चारी पायांच्या नळ्यांवरून हात फिरवितां एखादी दुसरीपेक्षां कढत लागते काय, आणि मानेवरील कातडी चिमटींत धरून सोडतांच पूर्ववत् बसते काय, इतकें पाहण्यास पांच मिनिटें लागतात. चिमटीची घडी उभीच राहिली तर अंगांतील पाणी अजून भरून आलेलें नाहीं. त्या दिवशीं खोगीर खुंटीवरच राहूं द्यावें व मिठाचा खडा गव्हाणींत ठेवावा. नालांविषयीं व खुरांच्या निगेविषयीं पुढील अंकीं लिहूं.